वाहाकाची हस्तकला विकत घ्यायची आहे? पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी सगळं एकदाच सांगते

आमच्या इकडे लॉस एंजेलिसला मंडळातल्या दोघी-तिघींनी महिन्याभरात एकच प्रश्न विचारला, मेक्सिकोला फिरायला चाललोय, तिथून काय आणू, आणि पैसे खरंच बनवणाऱ्याच्या हातात पडतील असं कुठून घेऊ. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा म्हटलं लिहूनच काढते. सगळ्या मेक्सिकोबद्दल नाही लिहीत, देश फार मोठा आहे आणि दर राज्याची कला वेगळी. मला जवळून माहितीये ते दक्षिणेतलं वाहाका. नकाशावर ओक्साका असं काहीतरी वाचलं जातं पण तिथे जाऊन तसं म्हणाल तर टॅक्सीवाल्याला कळणार नाही, वाहाकाच म्हणा.

आधी एक गोष्ट समजून घ्या

वाहाकाच्या विणकरांच्या किंवा कुंभारांच्या गावात कुठल्याही घरी बसलात की बोलता बोलता कळतं की घरातलं कोणीतरी "एल नोर्ते"ला आहे. एल नोर्ते म्हणजे उत्तर, म्हणजे अमेरिका. हे आजचं नाही, १९४२ ते १९६४ या काळात दोन्ही सरकारांचा ब्रासेरो नावाचा करार होता, त्यात शेतमजूर म्हणून जे पुरुष गेले त्यांच्यात या गावांतलेही होते, आणि मग पुतणे, मेहुणे, मुलं असं एकामागे एक जात राहिले. आज लॉस एंजेलिसमध्ये वाहाकाची इतकी माणसं आहेत की लोक गमतीने या भागाला वाहाकालिफोर्निया म्हणतात. २०२४ मध्ये परदेशातल्या लोकांनी मेक्सिकोत घरी पाठवलेले पैसे ६४ अब्ज डॉलरच्या वर गेले, आणि त्यातला फार मोठा भाग अमेरिकेतून. आता १ जानेवारी २०२६ पासून इथून रोख भरून पाठवलेल्या पैशांवर १ टक्का कर लागलाय, म्हणजे ज्याच्याकडे बँक खातं नाही त्यालाच तो जास्त बसणार.

याचा हस्तकलेशी काय संबंध असं वाटेल. संबंध असा की विणकराकडे लोकर आणि रंगासाठी हातात पैसा नसेल तर तो गावातल्या व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि मग माल त्यालाच, तो सांगेल त्या भावाने द्यावा लागतो. मुलाने तिकडून डॉलर पाठवले की ती उचल घ्यावी लागत नाही. आणि माल चांगल्या भावाने थेट विकला गेला तर पुढच्या मुलाला जावंच लागत नाही. माझ्या मते या सगळ्या खरेदीचा मुद्दा हाच आहे, की त्या घरातल्या एका माणसाला घरी राहता यावं. त्यामुळे दहा फुटकळ वस्तू दहा दुकानांतून घेण्यापेक्षा एक चांगली वस्तू एका घरातून पूर्ण किमतीला घ्या असं मी सगळ्यांना सांगते.

एकच कला निवडा, आणि त्या गावात जा

वाहाका शहराच्या आजूबाजूला गावागणिक कला वाटलेली आहे, आपल्याकडे येवला म्हटलं की पैठणी तसं. तेओतित्लान देल वाये लोकरीच्या गालिच्यांसाठी, हे शहरापासून साधारण ३० किलोमीटर. सान बार्तोलो कोयोतेपेक काळ्या मातीच्या भांड्यांसाठी, आरासोला आणि सान मार्तिन तिल्काहेते ही दोन गावं लाकडी रंगीत प्राण्यांसाठी, आत्सोम्पा हिरव्या झिलईच्या भांड्यांसाठी, सान आन्तोनिनो भरतकामासाठी. एका दिवसात सगळं उरकायचं पॅकेज हॉटेलवाले देतात ते घेऊ नका. त्यात प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळतात आणि गाडी ठरलेल्याच दुकानांपुढे थांबते कारण ड्रायव्हरला कमिशन असतं, आणि ते कमिशन शेवटी कारागिराच्याच भावातून जातं. बसने किंवा कोलेक्तिवोने म्हणजे शेअर टॅक्सीने जा, गावाच्या तोंडाशी मोठमोठी दुकानं दिसतील ती सोडून आत गल्ल्यांमध्ये चाला, दारावर "ताय्येर" अशी पाटी म्हणजे आत कारखाना कम घर आहे. रविवारी गेलात तर त्लाकोलुलाचा बाजार पण त्याच रस्त्यावर आहे.

गालिचा कसा ओळखायचा

यावर जरा जास्त लिहिते कारण पैसा इथेच जास्त लागतो आणि फसवणूकही इथेच जास्त होते. मी स्वतः पहिल्या फेरीत शहरातल्या एका दुकानातून "हातमागाची शुद्ध लोकर" म्हणून जे घेतलं ते घरी आल्यावर अ‍ॅक्रिलिक निघालं, आणि जास्त वाईट याचं वाटलं की ते पैसे कुठल्याच विणकराकडे गेले नव्हते.

तेओतित्लानची माणसं झापोतेक, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी समाजाची, घरात झापोतेक भाषाच बोलतात. स्पॅनिश येण्याआधी कमरेला बांधायच्या मागावर कापूस विणायचे, सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी मेंढ्या आणि पायाने चालवायचा माग आणला आणि त्यावर हे गालिचे म्हणजे तापेते सुरू झाले. नीट विणलेला गालिचा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे गाठी लोंबत नाहीत. जमिनीवर पसरा, कडा सरळ आहेत का, कोपरे वर उचलले जातात का ते बघा. हाताने घट्ट चिमटीत धरा, ताण्याचा धागा दिसायला लागला तर विण सैल आहे. सुटलेला एखादा धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडी लावा, लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गोळी होते. विचारून केलंत तर कोणी रागवत नाही, खरा विणकर बरेचदा स्वतःच करून दाखवतो.

मग रंग. एका अंगणात आजींनी माझ्या तळहातावर राखाडी, सुकलेल्या मिरीसारखे दाणे ठेवले आणि म्हणाल्या चुरड. बोटाने दाबल्याबरोबर गर्द लाल रेघ उमटली. ते दाणे म्हणजे कोचिनील, आपल्या फड्या निवडुंगासारखाच निवडुंग तिथे असतो त्यावर वाढणारा किडा, त्याच्या माद्या सुकवून हा रंग काढतात. आजींनी त्या रेघेवर लिंबाचे दोन थेंब पिळले, लाल होतं ते भगवं झालं. मग दुसऱ्या बाजूला चिमूटभर खाण्याचा सोडा, तिथे जांभळं. एकाच किड्यातून तळहातावर तीन रंग, आणि बाजूला त्यांची सून मेतातेवर, म्हणजे आपल्या पाट्याच्याच भावंडावर, फक्त त्याला तीन पाय असतात आणि तो उतरता असतो, त्यावर गुडघे टेकून तेच दाणे वाटत होती. एका पौंड रंगाला साधारण ७० हजार किडे लागतात. स्पॅनिश काळात मेक्सिकोतून चांदीच्या खालोखाल हाच माल युरोपला जायचा. घरात कडक शाकाहार किंवा जैन पथ्य असेल तर हे आधीच माहीत असू द्या, निळा आणि पिवळा रंग झाडांचा असतो, निळा निळीचा, पिवळा बऱ्याचदा झेंडूचा. झेंडू मुळात मेक्सिकोचाच, तिथून फिरत फिरत आपल्या दसऱ्याच्या तोरणात आला, त्यामुळे तिथे तुरटीच्या पाण्यात झेंडू उकळताना बघून मला फार घरच्यासारखं वाटलं.

ओला पांढरा रुमाल गालिच्यावर घासून बघा, रंग लागला तर तो नीट पक्का केलेला नाही. आणि केमिकल रंगाचा गालिचा म्हणजे खोटा असं अजिबात नाही, बरीच घरं दोन्ही करतात, फक्त तसं सांगितलं पाहिजे आणि भाव त्याप्रमाणे पाहिजे. नैसर्गिक रंगाचा म्हणून स्वस्त गालिचा कोणी देत असेल तर तो नैसर्गिक रंगाचा नाही.

अजून एक, अमेरिकन व्यापाऱ्यांनी १९७०-८० च्या दशकांत या गावाला अमेरिकेतल्या नवाहो आदिवासी लोकांची डिझाइन्स विणायला लावली, ती आजही दिसतात. ती कला दुसऱ्या लोकांची आहे, मी तरी ती घेत नाही. झापोतेकांची स्वतःची डिझाइन्स मागा, मित्ला गावच्या जुन्या दगडी भिंतींवर जी पायऱ्यांसारखी नक्षी आहे ती या गालिच्यांवर येते, "ग्रेका" म्हणून विचारा.

तेओतित्लानमध्ये बायकांच्या सहकारी संस्था आहेत त्यांच्याकडे जरूर जा. माग हा आधी पुरुषांचा समजला जायचा, पुरुष उत्तरेला गेले, काही परत आलेच नाहीत, मग विधवा, एकट्या आणि नवरा तिकडे असलेल्या बायका एकत्र येऊन विणायला आणि स्वतः विकायला लागल्या. विदा नुएवा म्हणजे नवं आयुष्य, ही त्यातली एक. एन विया नावाची संस्था तीन-तीन बायकांच्या गटाला बिनव्याजी कर्ज देते आणि त्याचे पैसे पर्यटकांच्या फेऱ्यांमधून उभे करते, आपल्या बचत गटाची सवय असलेल्या माणसाला ते लगेच समजतं. वेळ कमी असेल आणि एकच फेरी घ्यायची असेल तर ही घ्या.

काळी माती, लाकडी प्राणी आणि बाकीचं

कोयोतेपेकची काळी भांडी, बार्रो नेग्रो, आधी राखाडी आणि निस्तेज असायची, पाणी किंवा मेस्काल ही तिथली दारू साठवायला. १९५० च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीने भट्टीत घालण्याआधी अर्धवट सुकलेल्या मातीवर गारेच्या दगडाने घोटून बघितलं आणि भांडं आरशासारखं काळं चमकत बाहेर आलं, तेव्हापासून सगळ्या गावाचं नशीब बदललं. तिथे चाकही वेगळं, दोन बशा, एक पालथी आणि तिच्यावर एक सुलटी, हाताने फिरवायची. पण लक्षात ठेवा, चमकणारं भांडं कमी भाजलेलं असतं, त्यात पाणी टिकत नाही, पाझरतं. सुकी फुलं ठेवा, देवघरात दिव्यामागे ठेवा, पण फुलदाणी म्हणून पाणी भरू नका.

लाकडी प्राण्यांना सगळे आलेब्रिहे म्हणतात. नाव मेक्सिको सिटीचं आहे, पेद्रो लिनारेस या कागदकाम करणाऱ्या कारागिराला १९३६ मध्ये आजारपणात स्वप्नात पंखवाले, शिंगवाले विचित्र प्राणी दिसले आणि तो ते कागदाच्या लगद्यातून करायला लागला. वाहाकात लाकडात कोरायची वाट आरासोलाच्या मानुएल हिमेनेसने घालून दिली. लाकूड कोपाल नावाच्या झाडाचं, ओलं असताना कोरतात, मग महिनोन्महिने सुकू देतात, सुकताना भेग पडली की बुजवतात, मग रंग. घाईघाईत सुकवलेला प्राणी नंतर तुमच्या घरी भेगाळतो आणि त्यातून कीडही निघू शकते, म्हणून किती महिने सुकवलं आणि कीड मारायला काय केलं हे विचारा. बहुतेक घरांत कोरतो पुरुष आणि रंगवते बाई, आणि खाली सही मात्र घरातल्या कर्त्या पुरुषाची. मी दर वेळी विचारते की रंगवलं कोणी, आणि दोघांचीही नावं लिहून मागते, आजवर एकाही घरी नाही म्हटलेलं नाही.

आत्सोम्पाची हिरवी भांडी दिसायला सुंदर पण जुन्या पद्धतीच्या झिलईत शिसं असतं. आपल्या स्वयंपाकात चिंच, आमसूल, टोमॅटो, लिंबू, सगळं आंबट, आणि आंबटाने ते शिसं अन्नात उतरतं. म्हणून आमटी, लोणचं, दही काहीही त्यात ठेवू नका, "सिन प्लोमो" म्हणजे बिनशिशाचं असं लेबल असेल तरच ताटात घ्या. बिनशिशाची झिलई वापरणारे कुंभार आता आहेत, त्यांच्याकडूनच घ्या म्हणजे त्यांनाही बळ मिळतं आणि भट्टीजवळ खेळणारी त्यांची पोरंही वाचतात.

भरतकामात मशीन आणि हात ओळखायला कापड उलटं करा. हाताच्या कामात मागे टाक्यांची लांबी कमी-जास्त दिसते, मशीनचं मागूनही एकसारखं. सान आन्तोनिनोच्या ब्लाउजवर छातीपाशी चुण्यांमध्ये बारीक बाहुल्यांची रांग असते, त्या कामाला "आस्मे सी पुएदेस" म्हणतात, जमत असेल तर मला करून दाखव, इतकं ते किचकट. मात्र तेवान्तेपेक भागातलं साखळी टाक्याचं काम मशीनवरच होतं आणि तीच तिथली परंपरा आहे, त्यामुळे मशीन दिसलं की नाक मुरडू नका.

तालावेरा म्हणजे निळ्या-पांढऱ्या टाइल्स आणि भांडी वाहाकाची नाहीत, प्वेब्ला आणि त्लास्काला या राज्यांची, तिला आपल्या जीआय मानांकनासारखं संरक्षण आहे, खऱ्या वस्तूमागे कारखान्याची खूण आणि प्रमाणपत्राचा नंबर असतो.

भाव करताना

घासाघीस करू नका. आपल्याला सवय आहे, मलाही होती, पण गालिच्याच्या भावाला त्याला लागलेल्या दिवसांनी भागून बघा, दिवसाची मजुरी किती पडते ते लगेच दिसेल. पेसो साधारण पाच रुपयांच्या आसपास धरा. परवडत नसेल तर लहान आकार मागा, कमी भाव मागू नका. रोख पेसो जवळ ठेवा, गावात कार्ड चालेलच असं नाही.

चार वाक्यं पाठ करून जा, तुटक बोललात तरी चालतं. "कियेन लो इसो", कोणी केलं. "क्वान्तो तिएम्पो तार्दा", किती वेळ लागतो. "एस लाना", लोकर आहे का. "पुएदो तोमार ऊना फोतो", फोटो काढू का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, मागावरच्या अर्धवट डिझाइनचा फोटो न विचारता काढू नका, कारण तोच फोटो पुढे कुठेतरी जाऊन छापील कापड होतो.

हे उगाच नाही सांगत. २०१५ मध्ये वाहाकातल्या त्लाविटोल्टेपेक गावच्या ब्लाउजसारखा ब्लाउज फ्रेंच डिझायनर इसाबेल मारांच्या कलेक्शनमध्ये निघाला आणि गाव त्याविरुद्ध उभं राहिलं. असे प्रकार होत होत शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मेक्सिकोने आदिवासी समाजांच्या कलेला संरक्षण देणारा कायदा आणला. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये आदिदासच्या सँडलवरून वाहाकातल्याच यालालाग गावच्या वाराचेचा, म्हणजे तिथल्या चामड्याच्या चपलेचा, वाद झालाच आणि कंपनीला माफी मागावी लागली. त्याच्या दोनच महिने आधी मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये आपली कोल्हापुरी चालून गेली होती, कोल्हापूरचं नाव न घेता. कोल्हापूरकरांना तेव्हा जे वाटलं तेच यालालागच्या चांभारांना वाटलं.

गावात जाणं जमत नसेल तर

वाहाका शहरात मारो नावाचं दुकान आहे, राज्यातल्या कारागीर बायकांनी मिळून चालवलेलं, तिथे जा. फोनार्त ही सरकारी हस्तकला संस्था १९७४ पासून आहे, त्यांची दुकानं मेक्सिको सिटीतही मिळतील. कापडासाठी वाहाकाच्या टेक्स्टाइल म्युझियमचं दुकान, आणि कोयोतेपेकमध्ये लोककलेचं सरकारी म्युझियम आहे ते खरेदीच्या आधी बघून घ्या म्हणजे नजर तयार होते. शेजारच्या चियापास राज्यात गेलात तर सान क्रिस्तोबालमध्ये स्ना होलोबिल, माया विणकर बायकांची सहकारी संस्था. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्याच शहरातले वाहाकाचे लोक शोधा, जुलै-ऑगस्टकडे गेलागेत्सा या त्यांच्या नाचगाण्याच्या उत्सवाचे कार्यक्रम होतात, तिथे स्टॉलवर बरेचदा गावाकडून आईने-बहिणीने पाठवलेला माल असतो. गेलागेत्सा म्हणजे मुळात आपलं इरजिक, आज तू माझ्याकडे राब, उद्या मी तुझ्याकडे. अशा ठिकाणी एक पथ्य पाळा, कोण कसं आलं, कागदपत्रं आहेत का, हे विचारू नका आणि चेहऱ्याचे फोटो टाकू नका. जून २०२५ च्या इमिग्रेशनच्या धाडींनंतर इथे माणसं बाजारात यायला घाबरत होती, मी बघितलंय.

गणेशोत्सवात स्टॉल लावायचा असेल तर

हे पण दोघींनी विचारलंय. माल उधारीवर, विकला गेला तर पैसे देऊ अशा बोलीवर कधीही आणू नका, त्यात सगळी जोखीम ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्यावर पडते. निम्मे पैसे ऑर्डर देताना, निम्मे माल हातात आल्यावर. तारीख ठरवताना त्यांच्या गावचे सण विचारा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो तेव्हा माग बंद असतात. शिवाय गावात तेकियो म्हणजे सक्तीचं श्रमदान असतं, ते आलं की आठवडा पुढे जातो, चिडू नका. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधा, करणाऱ्याचं नाव, गाव, किती दिवस लागले, त्यांची परवानगी घेऊन. तुमचा प्रवासखर्च काढा पण किती काढला ते पाटीवर लिहा, लोकांना आवडतं.

पार्सलने मागवणार असाल तर ८०० डॉलरपर्यंतची अमेरिकेतली ड्यूटी-माफी ऑगस्ट २०२५ अखेरीस बंद झालीय, तो खर्च धरा. विकायला आणलेला माल कस्टमवर विकायला आणलाय असंच सांगा. भारतात नेणाऱ्यांनी निघायच्या आधी बॅगेजचे ताजे नियम बघून बिलं जवळ ठेवावीत. आणि कोणी कानात येऊन "जुनी, खोदकामात सापडलेली मूर्ती" दाखवली तर तिथून निघा, १९७२ च्या कायद्याने असल्या वस्तू देशाच्या मालकीच्या आहेत, देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

काळं भांडं हातातल्या बॅगेत न्या, आत मोजे कोंबा आणि बाहेरून कपड्यात गुंडाळा, प्राण्यांचे कान-शेपट्या बहुतेक वेळा काढता येतात त्या काढून वेगळ्या बांधून घ्या. गालिचा घडी घालून नाही, गुंडाळी करून. घरी आल्यावर उन्हात कायमचा टाकू नका, डाग पडला तर गार पाणी आणि सौम्य साबण, वॉशिंग मशीन नाही. आणि कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा झटकून, सावलीत वारा देऊन, कडुनिंबाचा सुका पाला घालून ठेवायचा, आजी घोंगडीत घालायची तसाच.